चलन तीन प्रतींत, प्रिंटर एक

भोसरी एमआयडीसीतल्या एखाद्या गाळ्यातून चारशे बुश प्लेटिंगला निघाले, की माल टेम्पोत चढायच्या आधी कागद तयार लागतो. जीएसटीच्या नियम ५५ प्रमाणे जॉबवर्कला जाणाऱ्या मालाचं डिलिव्हरी चलन तीन प्रतींत काढायचं: एक माल घेणाऱ्याची, एक वाहतूकदाराची, एक पाठवणाऱ्याची. प्लेटिंग होऊन माल परत आला, तपासला आणि चाकणला कंपनीकडे निघाला, की नियम ४८ प्रमाणे टॅक्स इन्व्हॉइसच्या पुन्हा तीन प्रती. सोबत इन्स्पेक्शन रिपोर्ट, काही गिऱ्हाइकांना मटेरियलचं टेस्ट सर्टिफिकेट, आणि प्रत्येक बिनवर लावायचा टॅग. गेटवर शिक्का पडतो, स्टोअरमध्ये सही होते आणि ड्रायव्हर पोच घडी करून खिशात घालतो. पेमेंटचा वाद झालाच, तर हीच घामेजलेली, तेलाच्या बोटांची पोच कामाला येते.

प्रिंटर घ्यायला गेलं की दुकानदार आधी बजेट विचारतो. मग एका मिनिटात किती पानं, वायफाय आहे का, मोबाइलवरून निघतं का, असं पुढे सरकतं. तुम्ही मात्र दुकानाची पायरी चढण्याआधी एक महिना आपल्याच ऑफिसातले कागद मोजा. महिन्याला पानं किती निघतात, त्यांतली रंगीत किती, आणि ती कोणाच्या हातातून जाऊन किती वर्षं फाइलमध्ये राहायची आहेत, एवढं कळलं की निम्मी मॉडेलं आपोआप गळतात. दिवसाला बारा वेळा माल जात असेल, तर तीन प्रतींप्रमाणे ३६ कागद. गुरुवारची सुट्टी धरून महिन्याचे २६ दिवस, म्हणजे ९३६. त्यात रिपोर्ट, पर्चेस ऑर्डर, हजेरी, बँकेचे कागद मिळवले की हजार-बाराशे पानं सहज होतात. लहान गाळ्याचा हा साधारण हिशेब. चिखली-मोशीकडच्या एखाद्या घरात महिन्याला वीस पानंही होत नाहीत. दोघांना एकच प्रिंटर विकणारा दुकानदार एकाला तरी नक्कीच फसवतो आहे.

आता पैशांचं. छोट्या कार्ट्रिजवाला इंकजेट तीन-चार हजारांत मिळतो आणि तोच पुढे सगळ्यात महाग पडतो. समजा, काळी कार्ट्रिज ९०० रुपयांना बसली आणि तिच्यातून १२० पानं निघाली, तर पानाला साडेसात रुपये. टाकीवाल्या, म्हणजे इंक टँक प्रिंटरची गोष्ट निराळी. एप्सनच्या ००३ मालिकेची ६५ मिलिलिटरची काळी बाटली ४,५०० पानांची सांगतात, कॅननच्या ७९० मालिकेची १३५ मिलिलिटरची बाटली ६,००० पानांची. बाटली ४०० रुपयांना धरली, तर ४,५०० पानांच्या हिशेबाने पानाला नऊ पैसेही पडत नाहीत. अडीचशे रुपयांच्या ५०० पानी रीमचा कागदच पानाला पन्नास पैशांचा आहे. म्हणजे शाई कागदापेक्षा स्वस्त. महिन्याला हजार पानं काढणाऱ्याने कार्ट्रिजवाल्या प्रिंटरचा विचारच करू नये.

डब्यावर लिहिलेले पानांचे आकडे एका प्रमाण चाचणीवर आधारलेले असतात. ठरावीक पाच पानांचा संच सलग छापत जायचा, अशी ती चाचणी. तुमच्या ऑफिसात सलग कोण छापतं? सकाळी चार पानं, दुपारी दोन, मध्ये प्रिंटर स्वतःचं हेड साफ करून शाई खातो. शिवाय पहिल्या बाटल्यांतली बरीच शाई नळ्या भरण्यात जाते. म्हणून पहिली बाटली लवकर संपली तर दुकानदाराशी भांडायला जाऊ नका, दुसऱ्या बाटलीपासून हिशेब धरा. ‘ड्यूटी सायकल’ नावाचा मोठा आकडाही असाच. यंत्र एका महिन्यात जास्तीत जास्त किती ओढू शकेल, एवढंच तो सांगतो. रोजच्या कामासाठी ‘शिफारस केलेली मासिक पानं’ हा आकडा वेगळा असतो आणि बराच लहान असतो. तो बघा.

खरी मेख शाईच्या जातीत आहे, आणि तिच्याबद्दल काउंटरवर कोणी बोलत नाही. इंकजेटची शाई दोन प्रकारची. डाय शाईत रंग पाण्यात विरघळलेला असतो. तो कागदाच्या धाग्यांत मुरतो, फोटोत छान खुलतो, पण पाणी लागलं की पसरतो आणि उजेडात फिका पडत जातो. पिगमेंट शाईत रंगाचे बारीक कण तरंगत असतात. ते कागदाच्या वरच्या थरात बसतात आणि ओलं बोट सहन करतात. बऱ्याच टाकीवाल्या मॉडेलांत काळी पिगमेंट आणि रंगीत डाय अशी सांगड असते, काहींत चारही डाय असतात. किमतीत फरक थोडा असतो आणि बाहेरून दोन्ही यंत्रं सारखीच दिसतात.

भोसरी-चाकणच्या पट्ट्यात हा फरक का महत्त्वाचा, ते कायद्यातच लिहिलंय. सीजीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाचे कागद त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपायचे. २०२४-२५ च्या वार्षिक रिटर्नची तारीख ३१ डिसेंबर २०२५, तिथून ७२ महिने म्हणजे ३१ डिसेंबर २०३१. एप्रिल २०२४ मध्ये फाडलेलं चलन जवळजवळ पावणेआठ वर्षं वाचता आलं पाहिजे. पीडीएफ संगणकात असते हे खरं, पण गेटचा शिक्का आणि स्टोअरची सही पीडीएफवर नसते. ती फक्त त्या एका कागदावर, आणि तो कागद पावसाळ्यात उघड्या टेम्पोतून मोशीच्या ट्रॅफिकमधून गेलेला असतो.

म्हणून दुकानात डेमोचं पान मागा. काळ्या मजकुराचं. पाच मिनिटं वाळू द्या, मग बोट ओलं करून एका ओळीवरून आडवं फिरवा. निळसर-काळं शेपूट निघालं तर ती डाय. ओळ जागच्या जागी राहिली आणि बोटाला नुसती काजळी लागली तर पिगमेंट. दुकानदार हसला तर हसू द्या. डेमो यंत्र नसेल तर बाटलीवर किंवा माहितीपत्रकात ‘पिगमेंट ब्लॅक’ लिहिलंय का ते वाचून घ्या. तोंडी ‘वॉटरप्रूफ आहे साहेब’ यावर जाऊ नका.

हाच धागा पुढे ओढला, तर काही जणांनी इंकजेट घेऊच नये असं निघतं. ज्यांचे कागद सगळे काळे, रोजचे, आणि शॉप फ्लोअरवर कूलंटच्या शेजारी फिरणारे, त्यांना काळा लेसर बरा. टोनर म्हणजे प्लास्टिकची पूड. ती उष्णतेने कागदावर वितळवून बसवलेली असते, पाण्याला दाद देत नाही आणि महिनाभर यंत्र बंद राहिलं तरी वाळत नाही. पण लेसर सुरू होताना काहीशे वॅट खेचतो, तो संगणकाच्या छोट्या यूपीएसला लावलात की यूपीएस शिट्टी मारून बसतो. इंकजेट छापताना वीस वॅटच्या आसपासच घेतो, इन्व्हर्टरवर आरामात चालतो. वीज सारखी जाणाऱ्या भागात हा मुद्दा लहान नाही. आणखी एक: लेसरची पानं पीव्हीसीच्या पारदर्शक पाकिटांत वर्षानुवर्षं ठेवली की अक्षरं पाकिटाला चिकटतात. साध्या कागदी फाइलला पंच करून लावा.

आणि डॉट मॅट्रिक्स? ट्रान्सपोर्टवाल्यांकडे आणि जुन्या ऑफिसांत अजून कर्कश आवाज करत चालतो तो उगाच नाही. त्याची सुई कागदावर खरोखर आपटते, म्हणून एका फटक्यात कार्बनसह तीन प्रती निघतात. इंकजेट आणि लेसर कागदाला दाबत नाहीत, त्यांना तीन प्रती तीनदाच छापाव्या लागतात. तुमच्याकडे तो चालू स्थितीत असेल आणि रिबन मिळत असेल, तर नव्या प्रिंटरच्या आनंदात भंगारात घालू नका. नव्यावर काम हलवायचंच, तर टॅलीत प्रतींची संख्या आणि प्रत्येक प्रतीवरचं शीर्षक लावून ठेवा, म्हणजे वाहतूकदाराची प्रत वेगळी झेरॉक्स करून तिच्यावर पेनने लिहावं लागणार नाही.

इंकजेटच घ्यायचं ठरलं, तर हेड कुठल्या पद्धतीचं आहे ते विचारा. १९७७ मध्ये कॅननच्या प्रयोगशाळेत गरम सोल्डरिंग आयर्न चुकून शाईच्या सिरिंजच्या सुईला लागलं आणि सुईतून शाई उडाली. त्यातून बबलजेट आलं: बारीक हीटर शाई उकळवतो, बुडबुडा होतो आणि थेंब बाहेर फेकला जातो. कॅनन आणि एचपी याच वाटेने गेले. एप्सन आणि ब्रदरच्या हेडमध्ये हीटर नाही, पिझो स्फटिक विजेने वाकतो आणि थेंब ढकलतो. छपाई दोन्हींची चांगली. आपल्या कामाचा फरक असा, की उष्णतेवाली हेडं कालांतराने झिजतात, पण कॅनन आणि एचपीच्या बऱ्याच टाकीवाल्या मॉडेलांत ती घरच्या घरी काढून नवी बसवता येतात. पिझो हेड जास्त टिकाऊ, पण ते यंत्रात पक्कं बसवलेलं असतं. ते चोक झालं आणि साफ होईना, तर मेकॅनिकशिवाय गत्यंतर नाही आणि खर्च नव्या प्रिंटरच्या निम्म्याच्या घरात जाऊ शकतो. रोज छापणार असाल तर पिझो घ्या. आठ-आठ दिवस हात लागणार नसेल, तर बदलता येणारं हेड असलेलं बरं.

हेड चोक होण्याचं सगळ्यात मोठं कारण आपल्याच भिंतीवर असतं: बोर्डाचं बटण. संध्याकाळी निघताना ऑफिसचा मेन स्विच पाडायची इथे सवय आहे. सुरक्षिततेसाठी ती चांगलीच, पण प्रिंटर आधी त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करा. त्या बटणावर हेड सरकत कोपऱ्यात जातं आणि रबरी झाकणावर घट्ट बसतं. छपाई चालू असताना बोर्डावरून बंद केलं किंवा वीज गेली, तर हेड मध्येच उघडं राहतं आणि रात्रभरात शाई वाळते. गुरुवार ही इथल्या औद्योगिक पट्ट्याची सुट्टी आणि महावितरणच्या देखभालीचाही दिवस, त्यामुळे बुधवारी संध्याकाळी हे विसरलात तर थेट शुक्रवारी कळतं. दिवाळीच्या लांब सुट्टीआधी एक पूर्ण रंगीत पान काढा, परत आल्यावर आधी नोझल चेक काढा आणि मगच इन्व्हॉइस.

नोझल चेकचं पान वाचायला कोणी शिकवत नाही, पण ते सोपं आहे. चार रंगांच्या बारीक तुटक रेघांची शिडी छापली जाते. सगळ्या पायऱ्या असतील तर हेड ठीक. एक-दोन गळल्या असतील तर हेड क्लिनिंग एकदा करा आणि पुन्हा पान काढा. तरीही गळतात? आणखी एकदा करा, आणि मग थांबा. रात्रभर तसंच ठेवून सकाळी बघा, कित्येकदा वाळलेली शाई तेवढ्यात भिजून मोकळी होते. इथे लोक चिडून पाच-सहा वेळा क्लिनिंग मारतात. प्रत्येक वेळी निघालेली शाई जाते कुठे? यंत्राच्या तळाशी असलेल्या स्पंजात. तो भरला की प्रिंटर दिवे मिचकावत ठप्प होतो, ‘सर्व्हिस सेंटरला जा’ म्हणतो आणि टाकीत शाई असूनही एक पान देत नाही. काही मॉडेलांत या स्पंजाऐवजी बदलता येणारा मेंटेनन्स बॉक्स असतो. थोडे पैसे जास्त पडले तरी ऑफिससाठी तोच घ्या, हा माझा आग्रह आहे. नवा बॉक्स आणला, बसवला, दोन मिनिटांत काम सुरू.

वर्कशॉपमध्ये प्रिंटरला आणखी एक शत्रू असतो: हवेची गन. लेथवरची बरी उडवायला ती हाताशीच असते, आणि प्रिंटरमध्ये धूळ दिसली की कोणीतरी कंप्रेसरची हवा आत सोडतो. त्या हवेत पाणी आणि तेल असतं, दाबही भलताच. हेड आणि समोरची पारदर्शक एन्कोडर पट्टी दोन्ही जातात. ऑफिसच्या केबिनला ग्राइंडिंगची किंवा फाउंड्रीची धूळ येत असेल, तर मागे उभा ट्रे असलेला प्रिंटर टाळा. तो वरून उघडा असतो आणि कागदाबरोबर धूळही ओढतो. खालून कॅसेटमध्ये कागद भरायचा प्रकार बरा. तो नसेल तर काम झालं की कागद काढून ठेवा आणि यंत्रावर कापड टाका.

पावसाळ्यात कागदाची रीम फोडली की उरलेला कागद तिच्याच वेष्टनात गुंडाळून कपाटात ठेवा. दमट कागद कडांना वळतो, दोन-दोन पानं एकदम ओढली जातात, आणि दोष प्रिंटरला मिळतो. दोन्ही बाजूंनी छापायचं असेल तर ७५ जीएसएमच्या खाली उतरू नका, मागची अक्षरं पुढे डोकावतात.

ड्रॉइंग छापणाऱ्यांनी ए-थ्रीचा विचार करावा, पण महिन्याला दहा-पंधरा ड्रॉइंग असतील तर बाहेरून काढून आणलेलं स्वस्त. ए-फोरवर काढताना ‘फिट टू पेज’ चालू राहिलं की ड्रॉइंग आक्रसतं. आकडे वाचून काम करायचं, पट्टी लावून नाही, हे मशिनिस्टला ठाऊक असतं, नव्या पोराला नसतं. छपाई ‘अ‍ॅक्च्युअल साइझ’वर ठेवा. ज्यांची उलाढाल पाच कोटींच्या वर आहे त्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस लागू आहे, आणि त्या इन्व्हॉइसवर क्यूआर कोड येतो. नवा प्रिंटर लावल्यावर तो कोड स्वतःच्या मोबाइलने स्कॅन करून बघा. हलक्या कागदावर शाई पसरली आणि कोडचे ठिपके एकमेकांत मिसळले, तर ते चाकणच्या गेटवर कळण्यापेक्षा ऑफिसात कळलेलं बरं. बिनच्या बारकोड टॅगसाठी मात्र इंकजेट राबवू नका. गिऱ्हाइकाने लेबल मागितलं असेल तर रिबनवाला थर्मल ट्रान्सफर लेबल प्रिंटर वेगळा घ्या, त्याचं काम त्यालाच जमतं.

स्कॅनर हवाच, कारण पोच स्कॅन करून मेलने पाठवायची असते. रोज वीस-तीस पोच असतील तर वरून आपोआप कागद ओढणारा फीडर असलेलं मॉडेल बघा, काच उचलून एकेक पान ठेवण्यात अर्धा तास जातो. वायफायबद्दल एवढंच: स्वस्त प्रिंटर बहुधा २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात. राउटर नुसत्या ५ वर ठेवला असेल तर प्रिंटरला तो सापडणारच नाही. पत्र्याच्या शेडमध्ये सिग्नल तसाही रडतो. संगणक शेजारी असेल तर सरळ यूएसबी केबल लावा.

घरासाठी माझं मत अनेकांना आवडत नाही. मुलाच्या शाळेचे प्रोजेक्ट, विजेचं बिल, एखादा फॉर्म, यांसाठी महिन्याला दहा-वीस पानं लागत असतील, तर कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जा. पानाला पाच काय, दहा रुपये घेतले तरी वर्षाचा हिशेब प्रिंटरच्या किमतीपेक्षा कमी येतो, आणि हेड वाळायची चिंता त्याची. इंजिनीअरिंगला मुलगी असेल आणि सबमिशनचा सुकाळ असेल, किंवा घरूनच क्लास घेत असाल आणि वर्कशीट काढायच्या असतील, तर टाकीवाला घ्या. मात्र आठवड्यातून एकदा तरी एक रंगीत पान काढायचं हे घरातल्या कोणाला तरी नेमून द्या. मुलांना हे काम आवडतं.

घेताना बिल कंपनीच्या नावावर, जीएसटी क्रमांक घालून घ्या. क्रेडिट मिळतं आणि वॉरंटीत नावाचा घोळ होत नाही. कंपोझिशन योजनेत असाल तर क्रेडिट नाही, तरी बिल हवंच. वॉरंटी बहुधा ‘एक वर्ष किंवा इतकी पानं, जे आधी होईल ते’ अशी असते. हजार पानांच्या ऑफिसाने पानांचा आकडा बघावा. हेड तिच्यात येतं का आणि दुसऱ्या कोणाची शाई भरली तर ती टिकते का, हे कार्डावर वाचा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे माणूस तुमच्या दारात येणार, की यंत्र तुम्ही उचलून न्यायचं, हे आधीच विचारून ठेवा. महाळुंगे किंवा निघोजेहून भरलेल्या टाकीचा प्रिंटर तळेगाव चौकातून बाइकवर न्यायचा म्हणजे शाई यंत्रात आणि पँटवर दोन्हीकडे सांडणार. वाहतुकीचं लॉक असेल तर ते लावायचं, टाक्यांची झाकणं घट्ट करायची आणि यंत्र आडवंच ठेवायचं. याच कारणाने नव्या प्रिंटरमध्ये दुकानात शाई भरू देऊ नका. बंद डबा घेऊन या, ज्या टेबलावर तो राहणार आहे तिथेच भरा. काळ्या शाईची एक जास्तीची बाटली त्याच बिलात घ्या, कारण शाई हमखास महिनाअखेरीला, शेवटचं इन्व्हॉइस अर्धं निघालेलं असतानाच संपते.